पस्तीस मिनिटे झाली, पण केक झाला का?

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसासाठी मी घरी कन्डेन्स्ड मिल्क घालून बिनअंड्याचा केक केला. कृतीत ८ इंची टिन आणि १८० अंशांवर ३५ मिनिटे असे लिहिले होते. माझ्याकडे ६ इंची टिन होता, तोच वापरला. वेळ संपली तेव्हा वरचा रंग छान तपकिरी झाला होता आणि कडेजवळ टोचलेली सुरी स्वच्छ निघाली. पण केक गार होताना मध्यभागी बसला आणि कापल्यावर आत ओला गोळाच निघाला. पुढच्या वेळी मी ८ इंची टिन आणला, सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे मिश्रणात वेगळी घालायची साखर कमी केली आणि धोका नको म्हणून केक ५५ मिनिटे ठेवला, तर तो इतका कोरडा झाला की घशाखाली उतरेना. केक नक्की किती मिनिटे भाजावा? आणि कच्चा राहिलेला केक पुन्हा ओव्हनमध्ये ठेवला तर चालतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही मागितलेला मिनिटांचा आकडा मला देता येणार नाही, आणि तो का देता येत नाही याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ८ इंची गोल टिनसाठी तयार केलेले मिश्रण ६ इंची टिनमध्ये ओतले की त्याची जाडी जवळजवळ पावणेदोन पट होते, कारण दोन्ही टिनच्या तळांच्या क्षेत्रफळाचे प्रमाण ६४ ला ३६ असे आहे. उष्णता टिनच्या तळाकडून, कडांकडून आणि वरून आत शिरत शेवटी मध्यभागी पोहोचते, त्यामुळे जाड केकच्या मध्याला ती पोहोचायला बराच अधिक वेळ लागतो, आणि तोपर्यंत कडा आणि वरचा थर आपापले काम उरकून मोकळे झालेले असतात. तुमच्या पहिल्या केकच्या कडेजवळचा भाग खरोखरच झालेला होता, म्हणून सुरी स्वच्छ निघाली. कच्चा होता तो मधला भाग, आणि तिथे सुरी टोचलीच गेली नाही. दुसऱ्या वेळी योग्य मापाचा टिन आल्यामुळे केक बहुधा कृतीत लिहिलेल्या वेळेच्या आसपासच झाला असावा, आणि त्यानंतरचा सगळा वेळ त्याच्यातील पाणी उडून जाण्यात गेला.

त्यातच साखर कमी झाली, आणि तिचा परिणाम केवळ गोडीवर होत नाही. केकला आकार देऊन तो टिकवण्याचे काम मुख्यतः मैद्यातील स्टार्च करतो. नुसत्या पाण्यात गव्हाचा स्टार्च साधारण ६० अंश सेल्सियसच्या आसपास फुगून घट्ट व्हायला लागतो, परंतु भरपूर साखर विरघळलेल्या मिश्रणात हीच क्रिया ८० अंशांच्या पुढे जाते. म्हणजे साखर केकचे घट्ट होणे लांबवते, त्याला फुगायला अवधी देते आणि ओलावाही धरून ठेवते. ती कमी केली की केक लवकर घट्ट होतो, थोडा कमी फुगतो आणि लवकर कोरडा पडतो. म्हणून कमी साखरेच्या केकची परीक्षा कृतीतील वेळेच्या सात-आठ मिनिटे आधीपासूनच सुरू करावी. (कन्डेन्स्ड मिल्कमध्ये स्वतःचीच भरपूर साखर असते आणि मैदा आहेच, त्यामुळे वरची साखर कमी केल्याने हा केक मधुमेहाच्या रुग्णासाठी निर्धोक होतो असे समजू नये. सासूबाईंचा तुकडा किती मोठा असावा, हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारावे.)

आता रंगाविषयी, कारण तुमची पहिली फसगत रंगाने केली. दुधातील शर्करा आणि प्रथिने एकत्र तापली की ती फार लवकर तपकिरी होतात, आणि कन्डेन्स्ड मिल्कमध्ये ही दोन्ही मुबलक असतात. त्यामुळे या जातीचा केक बाहेरून खाण्याजोगा दिसू लागतो तेव्हा आत पुष्कळदा निम्माशिम्माच झालेला असतो. ओटीजीच्या (घरगुती छोट्या विजेच्या ओव्हनच्या) वरच्या आणि खालच्या दोन्ही तापणाऱ्या दांड्या चालू असल्या आणि टिन वरच्या दांडीच्या जवळ असला तर हा फरक आणखी वाढतो. अशा केकसाठी तापमान १८० ऐवजी १६० ते १६५ अंश ठेवावे, टिन मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत ठेवावा, आणि रंग पुरेसा आला पण आतला भाग झाला नाही असे दिसले तर वरून अॅल्युमिनियम फॉइल अलगद झाकावी. रंगावरून फार तर इतकेच कळते की वरचा थर सुकला आहे, कारण पृष्ठभागावर पाणी शिल्लक असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही आणि तोवर तो नीट तपकिरी होत नाही. कोकोच्या केकमध्ये तर रंगाचा काहीच उपयोग नाही.

सुवासाचेही तसेच आहे. स्वयंपाकघर दरवळू लागले म्हणजे केक झाला, असे पुष्कळ घरांत मानले जाते, परंतु हा दरवळ मुख्यतः कडा आणि वरचा थर भाजला गेल्याचा असतो, आणि केक पूर्ण होण्याच्या बराच आधी तो येऊ शकतो. त्याकडे मी केकपाशी जाऊन उभे राहण्याची वेळ झाली, इतक्याच अर्थाने पाहावे असे सुचवेन. उभे राहिल्यावर दार उघडू नये. आतला दिवा लावून काचेतून मध्यभाग पाहावा. तिथे ओली चकाकी दिसत असेल, किंवा मध्यभाग कडांपेक्षा खोलगट दिसत असेल, तर पुढची कोणतीही परीक्षा करण्याची गरज नाही. चकाकी गेली आणि मध्य कडांच्या बरोबरीला किंवा किंचित वर आला, की दार उघडून जाळी अगदी हलक्या हाताने पुढे-मागे करावी. मध्यभाग थरथरला तर दार लगेच बंद करून आणखी पाच-सात मिनिटे थांबावे. या सगळ्याला घाई करू नये, याचे कारण असे की मिश्रण घट्ट होण्यापूर्वी केकचा फुगवटा केवळ गरम हवा, वाफ आणि बेकिंग पावडरमधून सुटलेला वायू यांच्यावर तोललेला असतो. दार उघडून आतली उष्णता बाहेर गेली की हे बुडबुडे आक्रसतात आणि मध्यभाग बसतो. कृतीत दिलेल्या वेळेचा पहिला दोन तृतीयांश भाग संपेपर्यंत दाराला हात लावू नये, हा नियम पाळलेला बरा.

टोचून पाहण्याची परीक्षा सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि सर्वांत जास्त चुकीच्या रीतीने केली जाते ती हीच. सुरीचे किंवा विणकामाच्या सुईचे गुळगुळीत धातूचे पाते यासाठी योग्य नाही; ओले मिश्रण त्याच्यावरून घसरून जाते, आणि बाहेर येताना वरची सुकी साल ते पुसूनही घेते, त्यामुळे कच्च्या केकमधूनही पाते बऱ्यापैकी स्वच्छ निघू शकते. लाकडाचा पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे त्याला मिश्रण चिकटते. मात्र टूथपिक जेमतेम साडेसहा सेंटीमीटर लांब असते आणि त्यातला थोडा भाग बोटांत धरावा लागतो, म्हणून तुमच्या ६ इंची टिनमधल्या उंच केकच्या तळापर्यंत ती पोहोचलीच नसती. पनीर टिक्क्यासाठी मिळतात त्या बांबूच्या सळ्या याला उत्तम. सळी बरोबर मध्यभागी सरळ खाली, टिनच्या तळाला टेकेल इतकी घालावी, दोन-तीन सेकंद थांबावे आणि सरळच वर काढावी. नंतर मध्यापासून इंचभर अंतरावर, ओव्हनच्या ज्या बाजूला उष्णता कमी असते (बहुतेक छोट्या ओटीजींमध्ये ती दाराकडची असते) तिकडे पुन्हा एकदा टोचावी. लोफ टिनमधल्या केकला वरून लांब भेग पडली असेल तर भेगेतला भाग नेहमीच ओलसर दिसतो. त्यावरून निष्कर्ष न काढता भेगेच्या शेजारून सळी तिरकी आत घालावी.

सळी बाहेर आल्यावर ती नीट पाहावी, कारण तिच्यावर काही लागले आहे किंवा नाही, एवढ्यावर निकाल लावता येत नाही. तिच्यावर पांढुरका, चकाकणारा, बोटाने पसरणारा लेप असेल तर आत मिश्रण कच्चेच आहे, आणि निदान दहा मिनिटे तरी हवीत. लेप नाही, पण चिकट गोळ्यांसारखे काही लागले आहे, तर पाच मिनिटांच्या आसपास. चिमटीत घेतल्यावर मोडतात असे ओलसर कण दोन-चार ठिकाणी लागले असतील, तर लोण्याचा, तेलाचा किंवा कन्डेन्स्ड मिल्कचा केक झाला, आणि तो त्याच क्षणी बाहेर काढावा. सळी पूर्ण कोरडी निघण्याची वाट पाहणे हे अशा केकच्या बाबतीत उशीर करणेच होय, आणि तुमचा दुसरा केक बहुधा याच टप्प्याच्या फार पुढे गेला. अंडी फेटून केलेला हलका स्पंज मात्र सळी स्वच्छ येईपर्यंत ठेवावा, कारण त्यात स्निग्धांश कमी असतो आणि ओलसर कण म्हणजे तिथे खरोखरच कच्चेपणा. गरम केकमधून आलेल्या सळीवर नुसती तेलकट चमक असेल तर घाबरू नये. ती बोटांत चोळून पाहावी. तेल असेल तर ते पसरून जाते, मिश्रण असेल तर बोटे पिठासारखी चिकटतात. केकमध्ये चॉकलेटचे तुकडे, खजूर किंवा केळी असतील तर सळी एखाद्या ओल्या तुकड्यातून गेलेली असू शकते, म्हणून दुसऱ्या जागी पुन्हा टोचून पाहिल्याशिवाय त्या निकालावर भरवसा ठेवू नये.

बोटाने दाबून पाहण्याची रीत अंड्याच्या केकसाठी अतिशय खात्रीची आहे. मध्यभागी बोटाच्या टोकाने हलके दाबावे. खळगा लगेच भरून आला तर केक झाला, खळगा तसाच राहिला किंवा आत पाणी असल्यासारखे लिबलिबीत लागले तर नाही. बिनअंड्याच्या केकमध्ये हीच रीत थोडी लंगडी पडते. अंड्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होऊन जो चिवटपणा देतात तो इथे नसतो, त्यामुळे पूर्ण झालेला केकही दाबल्यावर सावकाश वर येतो. आणि याच्या उलट, कन्डेन्स्ड मिल्कची भाजलेली साल इतकी लवचीक असते की खाली कच्चे मिश्रण असूनही बोटाला ती व्यवस्थित प्रतिसाद देते. तुमच्या केकसाठी म्हणून बोटापेक्षा सळीचे अधिक ऐकावे. केकने टिनच्या कडा सोडल्या की तो झाला, ही खूण अनेकांची आवडती आहे. माझ्या मते ती थोडी उशिरा येते. कडा किंचित सुटू लागणे ठीक, पण बोटाचे नख जाईल इतकी फट दिसू लागली तर केक आक्रसू लागला आहे, म्हणजे सुकू लागला आहे. शिफॉनसारख्या केकमध्ये टिनला तूप लावतच नाहीत, कारण कडेला चिकटूनच तो वर चढतो, त्यामुळे तिथे ही खूण लागूच पडत नाही.

या सगळ्या खुणांमध्ये अंदाजाचा भाग असतो; तो नको असेल तर स्वयंपाकाचा टोच्याचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. त्याचे टोक केकच्या बरोबर मध्यावर, टिनच्या तळाला न टेकवता धरावे. समुद्रसपाटीच्या जवळपासच्या गावांत बहुतेक लोण्याचे, तेलाचे आणि बिनअंड्याचे केक ९५ ते ९८ अंश सेल्सियसला पूर्ण झालेले असतात. शेवटचे हे अंश फार सावकाश चढतात, कारण आता आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. म्हणून आकडा १०० व्हावा अशी वाट पाहत बसू नये, केक सुकून जाईल. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या उंच जागी पाणीच ९५-९६ अंशांच्या आसपास उकळते, तेव्हा तिथे दोन-तीन अंश आधीच थांबावे. ब्राउनी आणि चीजकेक यांना हा आकडा लावू नये. चीजकेक तर ७० अंशांच्या आतच उतरवायचा असतो आणि मध्यभागी थोडा थरथरताच बरा. घरगुती खाण्यासाठी थर्मामीटर नसला तरी अडत नाही, परंतु जे कोणी घरून ऑर्डरी घेऊन अर्ध्या किलोचे, एक किलोचे केक विकतात त्यांनी तो घ्यावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. क्रीमखाली झाकलेला कच्चा मध्यभाग गिऱ्हाइकाच्या घरी, मेणबत्त्या विझवल्यानंतर उघडा पडतो.

तुमच्या ओव्हनवरचा १८० हा आकडा खरा आहे की नाही, हेही एकदा तपासावे. छोट्या ओव्हनच्या थर्मोस्टॅटमध्ये (तापमान राखणाऱ्या बटणात) वीस-पंचवीस अंशांची तफावत सर्रास आढळते, आणि आत ठेवण्याचा साधा ओव्हन थर्मामीटर फार महाग नसतो. ओव्हनवरचा तापत असल्याची खूण देणारा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असेही नाही. तेव्हा फक्त थर्मोस्टॅटच्या जवळची हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी तापायला आणखी दहा मिनिटे द्यावीत. विजेचा दाब हा आपल्याकडचा आणखी एक घटक. दांडीतून मिळणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्ट आले तर ती जवळजवळ पाव हिश्शाने घटते. थर्मोस्टॅट दांड्या अधिक वेळ चालू ठेवून हे बऱ्याच अंशी भरून काढतो, पण संध्याकाळी दाब पडलेला असताना दार उघडले तर ओव्हन पुन्हा तापायला दुपारपेक्षा बराच वेळ घेतो. शक्य असेल तर वाढदिवसाचा केक आदल्या दिवशी दुपारी करावा.

तुम्ही विचारलेले नाही, पण ओव्हन नसलेल्या घरांत कुकरमध्ये किंवा जाड पातेल्यात, तळाला मीठ किंवा वाळू घालून केक करतात, त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. तिथे उष्णता खालून येते, वर दांडी नसते, त्यामुळे वरचा रंग फिकटच राहतो, आणि झाकणावर जमलेली वाफ थेंब होऊन पडत असल्याने पूर्ण झालेल्या केकचाही वरचा थर ओलसर लागतो. तिथे रंग, चकाकी आणि बोट या तिन्ही गोष्टी निरुपयोगी, सळी हाच आधार. शिवाय खालून करपल्याचा वास येत नाही ना, याकडे लक्ष ठेवावे लागते. रव्याच्या केकचे, आणि गोव्यात नाताळला होणाऱ्या रवा-नारळाच्या बाथचेही, असेच काही खास आहे. सळीला नारळाचे तेलकट तंतू लागतात, ते कच्चेपणाचे लक्षण मानू नये. आणि रवा गार होतानाही ओलावा शोषत राहतो, म्हणून गरम असताना कापून तो कच्चा आहे असे ठरवू नये. नाताळचा सुक्या मेव्याचा जड केक १५० अंशांवर किंवा त्याहून मंद आचेवर कित्येक तास भाजतात, आणि जुने जाणकार तो कानाशी धरून ऐकतात. आत ओलावा उकळत असताना बारीक चुरचुर ऐकू येते, आणि ती जवळजवळ थांबली की केक उतरवतात.

केक बाहेर काढल्यावर टिनमध्येच दहा मिनिटे ठेवावा, मग जाळीवर उलटवावा. या दहा मिनिटांत कडांची उष्णता आत सरकत राहते आणि ओलसर कणांचा केक नीट घट्ट होतो. त्याहून जास्त वेळ टिनमध्ये ठेवला तर वाफ कोंडून तळ ओला होतो, आणि मग तो कच्चा राहिला असा उगाच संशय येतो.

आता कच्च्या केकचे. तो अजून गरम असेल, टिनमध्येच असेल आणि मध्यभाग बसला नसेल, तर तो निःशंकपणे ओव्हनमध्ये परत ठेवावा. वरून फॉइल झाकून १६० अंशांवर दहा मिनिटे द्यावीत आणि मग दर पाच मिनिटांनी सळी लावावी. गार होऊन मध्यभाग बसलेला केक पुन्हा ठेवल्यास शिजेल, परंतु फुगणार नाही, कारण बेकिंग पावडरचा जोर तोवर संपलेला असतो. आतला गिच्च थर तसाच राहील आणि बाहेरचा भाग मात्र वाळेल. अशा वेळी झालेल्या कडा कापून घ्याव्यात आणि मधला कच्चा गोळा टाकून द्यावा. केक बिनअंड्याचा असला तरी कच्चा मैदा खाणे बरे नव्हे, त्यातही रोगजंतू असू शकतात, आणि लहान मुलांना तर तो मुळीच देऊ नये. कापून घेतलेल्या कडांचे बोटभर तुकडे करून १५० अंशांवर कुरकुरीत होईपर्यंत भाजले की चहाबरोबर खाण्याजोगे रस्क तयार होतात. तुमच्या दुसऱ्या, कोरड्या केकसाठी उपाय सोपा आहे: त्याचे आडवे दोन थर करून प्रत्येकावर कोमट दूध चमच्याने थोडेथोडे शिंपडावे, झाकून तासभर ठेवावे, आणि मग मध्ये फेटलेली साय किंवा क्रीम भरून थर एकावर एक ठेवावेत. दूध घातलेला हा केक फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा.